दिवा ‘टर्न ऑफ’, रस्ताही ‘टर्न ऑफ’: फ्रेजल व्हर्ब ओळखायचं कसं?

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर दर शनिवारी सकाळी मी नोकरदारांची इंग्रजीची बॅच घेते. खोली लहान, पंखा एक, फळा मधोमध तडकलेला. मागच्या महिन्यात त्या फळ्यावर मी दोन वाक्यं लिहिली.

ही टर्न्ड ऑफ द फॅन.
ही टर्न्ड ऑफ द रोड.

पहिल्यात त्याने पंखा बंद केला. दुसऱ्यात तो रस्ता सोडून वळला, टिळक रोडवरून जाता जाता एखाद्या बोळात शिरावं तसा. मग म्हटलं, ‘द फॅन’ आणि ‘द रोड’ पुसून त्या जागी ‘इट’ घाला. अकरा वह्या होत्या. सात जणांनी दोन्हीकडे ‘टर्न्ड ऑफ इट’ लिहिलं, तिघांनी दोन्हीकडे ‘टर्न्ड इट ऑफ’. एकीनेच पंख्यासाठी ‘टर्न्ड इट ऑफ’ आणि रस्त्यासाठी ‘टर्न्ड ऑफ इट’ असं वेगवेगळं लिहिलं, आणि तेच बरोबर होतं. कशावरून लिहिलंस, असं विचारल्यावर म्हणाली, “मॅडम, कानाला तसं बरं वाटलं.”

असा कान ज्यांना आहे त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. बाकी दहांसाठी ही फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापद आणि ‘ऑफ’सारखा लहान शब्द मिळून झालेली जोडी, ओळखायची पायऱ्यापायऱ्यांची पद्धत.

आधी थोडं मराठीत

‘मांजर खाली बसलं’ आणि ‘मांजर टेबलाखाली बसलं’. शाळेत शिकलेलं आठवा: पहिल्यातलं ‘खाली’ क्रियाविशेषण, दुसऱ्यातलं शब्दयोगी अव्यय. हे आपल्याला क्षणात कळतं, कारण मराठी स्वतःच चुगली करते. ‘टेबल’चं ‘टेबला’ झालं, ‘खाली’ त्याला चिकटलं, आणि नातं उघडं पडलं.

इंग्रजीत ही सोय नाही. तिथे नामाचं सामान्यरूप होत नाही आणि कोणी कोणाला चिकटत नाही. ‘ऑफ’ क्रियापदाशी जोडलेला असो की पुढच्या नामाशी, दोन्हीकडे तो सुटाच उभा असतो, त्याच जागी आणि त्याच स्पेलिंगने. क्रियापदाच्या बाजूचा असेल तर त्याला पार्टिकल म्हणतात, नामाच्या बाजूचा असेल तर प्रिपोझिशन. पंख्याच्या वाक्यात तो पार्टिकल आहे, रस्त्याच्या वाक्यात प्रिपोझिशन. (दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण लिहिलं ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. तेव्हा तिकडून आणलेली हत्यारं आज तिकडेच चालवू.)

दुसरी गोष्ट अर्थाची. ‘त्याने हात वर केले’ हे कवायतीतलंही असेल आणि उधारी मागायला गेल्यावरचंही. शब्द तेच, रचना तीच, अर्थ फिरला. इंग्रजीतही हे होतं, पण त्याचा पार्टिकल-प्रिपोझिशनशी थेट संबंध नाही. सगळा घोटाळा इथेच आहे. लहान शब्द कोणाचा, हा एक प्रश्न. अर्थ सरळ की फिरलेला, हा दुसरा. बहुतेक जण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याला देऊन मोकळे होतात. आपण पहिला आधी सोडवू.

पहिली पायरी: लहान शब्द चाळून घ्या

काही शब्द जवळपास नेहमी प्रिपोझिशनच असतात: ॲट, फॉर, फ्रॉम, टू, विथ, इन्टू, अगेन्स्ट आणि एका ‘एफ’चा ऑफ. ‘लुक ॲट’, ‘वेट फॉर’, ‘लिसन टू’, ‘डील विथ’ यांच्यावर डोकं खाजवत बसू नका, लहान शब्द पुढच्या नामाचाच आहे. अपवाद फार थोडे. बेशुद्ध माणूस शुद्धीवर आला की ‘ही केम टू’ म्हणतात, पण ते रोज होत नाही.

याच्या उलट अवे, बॅक, अपार्ट, टुगेदर, फॉरवर्ड हे क्रियापदाच्या गोटातले. ‘आउट’ही बहुतेक वेळा तिकडचाच.

खरी भानगड उरते ती दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्यांची: अप, डाउन, इन, ऑन, दोन ‘एफ’चा ऑफ, ओव्हर, थ्रू, अक्रॉस, अराउंड, बाय. पुढच्या चाचण्या मुख्यतः यांच्यासाठी.

दुसरी पायरी: पुढे नाम आहे का?

‘द बस ब्रोक डाउन.’ ‘डाउन’नंतर काहीच नाही. ज्याला जोडायचं ते नामच नसेल तर प्रिपोझिशन कुठून असणार? म्हणजे तो क्रियापदाचाच. ‘कम इन’, ‘सिट डाउन’, ‘द मीटिंग ड्रॅग्ड ऑन’ यांचंही तसंच.

इथे एक खड्डा आहे. ‘व्हॉट आर यू लुकिंग फॉर?’ यात ‘फॉर’ शेवटी लोंबतोय, पण त्याचं नाम हरवलेलं नाही, प्रश्नार्थक होऊन वाक्याच्या डोक्यावर जाऊन बसलंय. प्रश्न असेल, किंवा ‘द की आय वॉज लुकिंग फॉर’सारखी रचना असेल, तर आधी वाक्य साधं करून घ्या: आय वॉज लुकिंग फॉर द की. मग तपासा.

तिसरी पायरी: ‘इट’ची चाचणी

वेळ थोडा असेल तर हीच एक शिका. नाम काढा, त्या जागी ‘इट’, ‘हिम’ किंवा ‘देम’ घाला, आणि ते कुठे बसतं ते पाहा. पार्टिकल असेल तर सर्वनाम मध्ये शिरतं आणि ते सक्तीचं असतं. प्रिपोझिशन असेल तर सर्वनाम त्याच्यानंतरच राहतं, तेही सक्तीने.

हेल्मेटचं उदाहरण घेऊ, पुण्यात तो विषय कधी शिळा होत नाही. ‘ही पुट ऑन द हेल्मेट’, त्याने हेल्मेट घातलं. ‘इट’ घातलं की ‘ही पुट इट ऑन’. ‘ही पुट ऑन इट’ चूक. आता ‘ही सॅट ऑन द हेल्मेट’, तो हेल्मेटवर बसला. इथे ‘ही सॅट ऑन इट’ बरोबर, ‘ही सॅट इट ऑन’ला काही अर्थ नाही. ‘ऑन’ तोच, हेल्मेट तेच. पहिल्यात ‘ऑन’ ‘पुट’च्या घरचा, दुसऱ्यात हेल्मेटच्या.

आणखी एक जोडी. ‘शी लुक्ड अप द वर्ड’ म्हणजे तिने शब्द कोशात पाहिला, ‘शी लुक्ड इट अप’. ‘शी लुक्ड अप द स्टेअर्स’ म्हणजे तिने जिन्याकडे वर पाहिलं, ‘शी लुक्ड अप देम’.

नाम पूर्ण असेल तेव्हा पार्टिकलला दोन्ही जागा चालतात. ‘टर्न ऑफ द फॅन’ही बरोबर, ‘टर्न द फॅन ऑफ’ही बरोबर. फॅनला मध्ये सरकवता आलं हाच पार्टिकलचा पुरावा. ‘टर्न्ड द रोड ऑफ’ होत नाही. पण मधलं नाम मारुतीच्या शेपटासारखं लांबलं की वाक्य कोलमडतं. ‘टर्न द फॅन दॅट युअर ब्रदर बॉट लास्ट वीक ऑफ’ असं कोणी बोलत नाही, ऐकणाऱ्याचा दम ‘ऑफ’पर्यंत टिकत नाही. लांब नाम शेवटी, सर्वनाम मध्ये.

या चाचणीला पुरून उरणारा एक मासला म्हणजे ‘रन ओव्हर’, गाडीखाली घेणे. ‘द कार रॅन इट ओव्हर’ आणि ‘द कार रॅन ओव्हर इट’, दोन्ही ऐकू येतं. असे मोजके आहेत. अपवादांची यादी आधी पाठ करणाऱ्यांचा नियम कधीच पाठ होत नाही, असा माझा अनुभव.

चौथी पायरी: मध्ये पाचर मारून पाहा

‘इट’ने समाधान झालं नाही तर क्रियापद आणि लहान शब्द यांच्यामध्ये एखादं क्रियाविशेषण घाला. ‘ही टर्न्ड सडनली ऑफ द रोड’ चालतं, कारण ‘ऑफ द रोड’ हा एकसंध तुकडा आहे आणि पाचर त्याच्या अलीकडे बसली. ‘ही टर्न्ड सडनली ऑफ द फॅन’ चालत नाही, तिथे पाचर जोडीच्या मधोमध घुसली.

लेखी इंग्रजीत प्रिपोझिशन ‘विच’ला घेऊन क्रियापदाच्या आधीही येतं. ‘द स्टेअर्स अप विच शी लुक्ड’ जरा कोटबूट घातलेलं वाटेल, पण बरोबर आहे. ‘द वर्ड अप विच शी लुक्ड’ चूक.

पाचवी पायरी: कान

‘व्हॉट डिड शी टर्न ऑफ?’ मोठ्याने म्हणा. जोर ‘ऑफ’वर पडतो. ‘व्हॉट डिड शी लुक ॲट?’ इथे जोर ‘लुक’वर, ‘ॲट’ नुसता उरकला जातो. पार्टिकलवर आघात असतो, लहान प्रिपोझिशनवर सहसा नसतो. ओव्हर, इन्टू, अक्रॉस यांसारखे दोन अवयवांचे (सिलेबलचे) शब्द मात्र प्रिपोझिशन असूनही थोडा जोर खातात, तिथे ही चाचणी लावू नका.

आपल्याला ही पायरी जड जाते, कारण मराठीत आघाताने अर्थ फारसा बदलत नाही. पण एक उदाहरण आपल्या तोंडात घट्ट बसलेलं आहे. गॅरेजवाला म्हणतो, “गाडीला पिकअप नाही.” इंग्रजीत हे नाम, आघात ‘पिक’वर. ‘पिक अप द बॅग’मधलं क्रियापद म्हणताना आघात ‘अप’वर. चेकअप, बॅकअप, ब्रेकअप यांचंही तसंच. नाम लिहिताना दोन्ही शब्द जोडून किंवा मध्ये छोटी रेघ देऊन, क्रियापद लिहिताना तोडून. ऑफिसच्या मेलमध्ये ‘लॉगिन’ जोडून लिहायचं की तोडून, यावर वाद घालणाऱ्यांनी एवढंच पाहावं: पासवर्डच्या शेजारचं असेल तर नाम, ‘प्लीज’च्या पुढचं असेल तर क्रियापद.

सहावी पायरी: आता अर्थाकडे

लहान शब्द कोणाचा ते ठरलं. आता अर्थ फिरलाय का ते पाहू.

क्लासेसमध्ये एक नियम सर्रास शिकवतात: एका शब्दात अर्थ सांगता आला की तो फ्रेजल व्हर्ब. मला हा नियम अजिबात पटत नाही. ‘गो इन’चा अर्थ ‘एन्टर’ असा एका शब्दात सांगता येतो, पण ‘गो इन’मध्ये फिरलेलं काय आहे? जाणे आणि आत, दोन्ही जागच्या जागी. उलट ‘पुट अप विथ’ हा अस्सल फिरलेला, आणि तोही ‘टॉलरेट’ या एका शब्दात मावतो. एका शब्दाच्या या फूटपट्टीने काहीच मोजलं जात नाही.

त्यापेक्षा दोन गोष्टी करा. एक, उलटा शब्द लावून पाहा. ‘कम अप’चं ‘कम डाउन’ होतं, ‘गो इन’चं ‘गो आउट’, अर्थही नेमका उलटा. म्हणजे हे साधं क्रियापद अधिक क्रियाविशेषण. आता ‘ही टर्न्ड अप ॲट इलेव्हन’, स्वारी अकराला उगवली. ‘टर्न्ड डाउन’ म्हटलं की स्वारी मावळत नाही, ‘टर्न डाउन’ म्हणजे नाकारणे. उलट केल्यावर उलट होत नाही, म्हणजे अर्थ फिरलाय.

दोन, लहान शब्द उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवा. ‘डाउन केम द रेन’ झकास. ‘डाउन ब्रोक द बस’ नाही जमत. दिशा दाखवणारा शब्द असा पुढे उडी मारू शकतो, अर्थ फिरवणारा नाही.

या दोघांच्या मधे एक गंमतशीर जात आहे: ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’. खाताना वर काही जात नाही. पण आपण तरी ‘लाडू खाऊन टाक’ म्हणतो तेव्हा कुठे काय टाकतो? ‘टाकणे’चा अर्थ विरून ‘संपव एकदाचं’ एवढाच उरला. तिथला ‘अप’ म्हणजे आपलं ‘टाक’. हे मी मराठीतून सांगते तेव्हा वर्गात कोणाला प्रश्न पडत नाही. इंग्रजीतून सांगितलं की अर्धा तास जातो.

आता अवघड घर: प्रिपोझिशन आहे, पण अर्थ फिरलेला. ‘शी गॉट ओव्हर द वॉल’, ती भिंत ओलांडून गेली. ‘शी गॉट ओव्हर द फीवर’, तापातून बरी झाली. अर्थ फिरला म्हणून लोक ‘गॉट इट ओव्हर’ लिहितात आणि फसतात. ताप असो की भिंत, ‘गॉट ओव्हर इट’च. लुक आफ्टर, लुक इन्टू, कम अक्रॉस, रन इन्टू, टेक आफ्टर हे सगळे याच घरातले. व्याकरणकार यांना प्रिपोझिशनल व्हर्ब म्हणतात, शिकाऊ पुस्तकं ‘इनसेपरेबल फ्रेजल व्हर्ब’, म्हणजे मध्ये न तुटणारे, म्हणतात. परीक्षा देणार असाल तर तुमच्या पुस्तकातलं नाव लिहा, भांडू नका. वाक्य दोन्ही नावांनी एकच होतं.

या घरात मी स्वतःही आपटले आहे. शिकवायला लागण्याआधी मी एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. परदेशी ग्राहकाला मेल लिहिला: वी आर लुकिंग आफ्टर द एरर. मला म्हणायचं होतं, चूक शोधतोय, तपासतोय. त्यासाठी ‘लुकिंग इन्टू’ हवं होतं. मी कळवलं ते असं, की चुकीचं आमच्याकडे व्यवस्थित संगोपन चालू आहे. ग्राहकाचं उत्तर आलं: प्लीज डोन्ट.

परक्यांना हे जड जातं, ही तक्रार जुनीच आहे. सॅम्युअल जॉन्सनने 1755 साली लंडनमध्ये आपला कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच तो लिहितो की क्रियापदाला लहान शब्द जोडून अर्थ बदलायची ही रीत परदेशी लोकांना सर्वांत अवघड वाटते. नाव मात्र बरंच उशिरा मिळालं. लोगन पिअरसॉल स्मिथने 1925 मध्ये ‘फ्रेजल व्हर्ब’ हा शब्द वापरला आणि तो ऑक्सफर्डच्या कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं सांगितलं.

तीन शब्दांचे

पुट अप विथ, रन आउट ऑफ, कम अप विथ, लुक फॉरवर्ड टू. मधला पार्टिकल, शेवटचा प्रिपोझिशन, त्यामुळे ‘इट’ निमूटपणे शेवटी: पुट अप विथ इट. इथे तोडफोडीचा प्रश्न नाही, एकच चूक सांभाळायची. पुण्यातून जाणाऱ्या कितीतरी मेल्सच्या शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ असतं. ‘लुकिंग फॉरवर्ड टू इट’ म्हणता येतं ना? मग तो ‘टू’ प्रिपोझिशन, आणि त्याच्यापुढे नाम किंवा ‘आयएनजी’चं रूप: लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू. ‘वॉन्ट टू इट’ होत नाही, म्हणून तिथे ‘वॉन्ट टू मीट’.

वही कशी लिहायची

‘टर्न ऑफ = बंद करणे’ अशी यादी करू नका. ‘इट’सकट लिहा. टर्न इट ऑफ, बंद करणे. टर्न ऑफ इट, रस्ता सोडून वळणे. लुक इट अप, कोशात पाहणे. गेट ओव्हर इट, सावरणे. अर्थ आणि जागा एकाच ओळीत पाठ होतात. शिकणाऱ्यांसाठीचे चांगले कोशही हेच करतात: ‘समथिंग’ मध्ये छापलं असेल तर तुटणारा, शेवटी असेल तर न तुटणारा. काही कोशांत तिथे दोन्ही टोकांचा बाण असतो, म्हणजे नाम अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे चालेल.

आणि ‘ऑफ द लाइट’ म्हणणं आजपासून बंद. मराठीत ‘लाइट ऑफ कर’ म्हणताना क्रियापद ‘कर’ आहे. इंग्रजीत जाताना ‘कर’ इथेच राहतो आणि वाक्य क्रियापदाविना निघतं. तिथे ‘टर्न’ किंवा ‘स्विच’ लागतोच.

करून पाहा

नामाच्या जागी सर्वनाम घाला, मगच पुढे वाचा.

वी गॉट ऑफ द बस ॲट स्वारगेट.
दे पुट ऑफ द मीटिंग.
शी रॅन अप द स्टेप्स ॲट पर्वती.
शी रॅन अप अ बिग बिल ॲट द सारी शॉप.
ही केम अक्रॉस ॲन ओल्ड मॅप इन अप्पा बळवंत चौक.
माय आंट ब्रॉट अप द बॉय.
द नेबर लुक्ड ओव्हर द वॉल.

बस: गॉट ऑफ इट, प्रिपोझिशन, सरळ अर्थ. मीटिंग: पुट इट ऑफ, पार्टिकल, फिरलेला. पर्वतीच्या पायऱ्या: रॅन अप देम. लक्ष्मी रोडवर झालेलं बिल: रॅन इट अप. जुना नकाशा: केम अक्रॉस इट, प्रिपोझिशन असून फिरलेला, ताप आणि भिंतीवाल्या घरातला. मावशीने वाढवलेला मुलगा: ब्रॉट हिम अप.

शेवटच्या वाक्याला दोन उत्तरं आहेत. शेजारी भिंतीवरून डोकावून तुमच्या अंगणात काय चाललंय ते बघत असेल तर ‘लुक्ड ओव्हर इट’. रंग द्यायच्या आधी भिंतीला कुठे तडे गेलेत, ओल आलीय का, हे निरखत असेल तर ‘लुक्ड इट ओव्हर’. वर्गात मी हे विचारलं तेव्हा अकराच्या अकरा जणांनी पहिलंच उत्तर दिलं.